पान चार

भाऊबीजेच्या दिवशी सकाळी अकराला बैठक ठेवणारं घर चंडीगडजवळच्या अख्ख्या खरड गावात दुसरं सापडलं नसतं. घाटपांड्यांकडे मात्र ते कोणाला खटकलं नाही. बाळकृष्ण घाटपांडे चंडीगडच्या एका केंद्रीय कचेरीतून प्रशासन अधिकारी म्हणून निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली होती, पण घरात त्या निवृत्तीची अंमलबजावणी अजून व्हायची होती. फ्रिज घ्यायचा असो की मुलीचा घटस्फोट असो, आधी टिपण लिहिलं जायचं, मग ते सगळ्यांकडे फिरायचं, त्यावर सह्या व्हायच्या आणि मग निर्णय. रेवाच्या घटस्फोटाचं टिपण सहा पानी होतं आणि इतकं निःपक्षपाती होतं की जावयाच्या वकिलानंही त्याची प्रत मागून नेली होती.

आजच्या फाइलीचा विषय बाळकृष्णांनी वर सुवाच्य टाइपात लिहून घेतला होता: ऑनलाइन जुगारापासून सार्वजनिक आरोग्याचे रक्षण, हरकती व सूचना. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्टात झाला होता. आता त्याखालच्या नियमांचा मसुदा सरकारनं लोकांसमोर ठेवला होता, मुदत महिनाअखेरची. सरकार सूचना मागतं आणि नागरिक गप्प बसतो, याची बाळकृष्णांना मनापासून लाज वाटे. आजवर त्यांनी सिगारेटच्या पाकिटापासून विमानतळावरच्या ट्रॉल्यांपर्यंत एकोणीस विषयांवर सूचना पाठवल्या होत्या. पोचपावती दोनदा आली होती.

हा विषय मात्र घरचा होता. दोन वर्षांपूर्वी निशांत, त्यांचा धाकटा, क्रिकेटच्या टीम लावायच्या ॲपवर असा काही बुडाला होता की गाडी गेली, बायकोच्या बांगड्या गेल्या आणि नोकरी जाता जाता राहिली. घरात त्याला ‘प्रकरण’ म्हणत. रेवा त्याची थोरली बहीण, चंडीगडच्या सेक्टर बत्तीसमधल्या सरकारी इस्पितळात मानसोपचाराची डॉक्टर. तिनं त्याला आपल्या एका सहकाऱ्याकडे नेलं, उपचार झाले, आणि तेव्हापासून दर रविवारी अकराला निशांत एयरोसिटीतल्या आपल्या घरून येऊन आपला फोन बाबांपुढे ताम्हनात ठेवत असे. ताम्हनच का, हे कोणी विचारलं नव्हतं. पहिल्या रविवारी तेच हाताशी होतं. बाबा वीस मिनिटं फोन तपासत, ‘ठीक’ म्हणत, आणि मग पोहे मिळत.

वंदनाबाई बैठकीच्या खोलीत अशा जागी बसल्या की स्वयंपाकघरातली बासुंदी दिसावी. सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी त्यांच्या फोनवर बँकेचा निरोप आला होता: ठेव मुदतीपूर्वी बंद. ती गुडघ्यांची ठेव होती. दोन्ही गुडघे डिसेंबरात बदलायचे ठरले होते, तारीख मिळाली होती, आणि ठेव दोघा नवराबायकोच्या नावावर असली तरी गुडघे वंदनाबाईंचे म्हणून पहिलं नाव त्यांचं होतं.

निरोप वाचून त्यांना पहिल्या क्षणी जे वाटलं ते त्यांनी दुसऱ्या क्षणी खरं धरलं. निशांत काल रात्री इथेच राहिला होता. बाबांच्या बँकेचा पासवर्ड गेल्या महिन्यात त्यानंच बदलून दिला होता. आणि क्षितिजानं, त्याच्या बायकोनं, प्रकरणाच्या वेळी याच खोलीत उभं राहून सांगितलं होतं, ‘आई, पुन्हा एकदा झालं तर मी तुमच्या नातीला, कश्मिराला घेऊन पुण्याला माहेरी जाईन. भांडणार नाही, फक्त जाईन.’ ती हवाई दलातल्या अधिकाऱ्याची मुलगी. बदलीचं सामान दोन तासांत बांधायची तिला लहानपणापासून सवय होती.

म्हणून वंदनाबाई गप्प बसल्या होत्या. फोन त्यांनी टेबलावर उलटा ठेवला होता. फोन बंद करायचा म्हणजे उलटा ठेवायचा, एवढंच त्यांना माहीत होतं.

“आधी सह्या,” बाळकृष्ण म्हणाले. “वाचून, मग सही. खुणा केल्या आहेत.”

खुणा म्हणजे पेन्सिलीच्या बारीक फुल्या. ज्यानं सही करायची त्याच्या नावासमोर एक फुली. बेचाळीस वर्षं वंदनाबाईंनी या फुल्यांवर सह्या केल्या होत्या: विमा, पासपोर्ट, घराचं कर्ज, वारसनोंद, एकदा तर चुकून गॅस एजन्सीविरुद्धची तक्रार. कागदात काय आहे ते त्यांनी कधी वाचलं नाही. वाचायची गरज नव्हती, ते वाचायला घरात एक माणूस होता. खरं तर त्या माणसाचं अक्षर वाचू शकणारी माणसं पृथ्वीवर दोनच होती. एक त्यांचा स्टेनो रामचंद्र, तो वारला. दुसऱ्या वंदनाबाई. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाळकृष्णांच्या खात्याच्या परीक्षेचे सगळे खर्डे त्यांनी रात्ररात्र बसून पक्के करून दिले होते. पण तो काळ गेला, टाइप आलं, आणि त्यांचा तो हात सुटला.

फाइल फिरली. निशांतनं चारही पानांवर उभ्या उभ्या सह्या केल्या. क्षितिजानं पहिलं पान वाचलं, दुसरं पाहिलं, पुढची दोन उलटली. रेवा चौथ्या पानाशी थांबली.

“बाबा, हे हातानं का लिहिलंय? कुछ समझ नहीं आ रहा. टाइपवाल्याकडे द्या ना.”

“ते टाइप करायचं नाहीये,” बाळकृष्ण म्हणाले.

“मग सरकारला पाठवणार कसं?”

“ते परिशिष्ट आहे.”

यानं तिचं समाधान झालं असावं, कारण तिनं सही केली. वंदनाबाईंनीही फुल्या पाहून चार सह्या केल्या आणि फाइल नवऱ्याकडे सरकवली. त्यांनी ती घेतली नाही. जराशी परत त्यांच्याकडे ढकलली आणि म्हणाले, “असू दे तुझ्यापाशी.”

शेजारच्या ढिल्लनांकडून मिठाईचा डबा आला होता, त्यावर ‘पांडे जी’ असं लिहिलेलं होतं. बाळकृष्णांनी पेन्सिलीनं त्याआधी ‘घाट’ घातलं आणि चर्चेला सुरुवात केली.

“कलम सहा. ‘कुटुंबातील कोणत्याही सज्ञान व्यक्तीने अर्ज केल्यास, संबंधिताच्या बँक खात्यातून व फोनवरून जुगाराच्या संकेतस्थळांकडे होणारे व्यवहार चोवीस तासांत रोखण्यात यावेत.’ हरकत?”

“माझी आहे,” निशांत म्हणाला.

“तुझी असणारच,” क्षितिजा म्हणाली.

“सुन तो लो यार. बंदी आलीच आहे. सगळे ॲप बंद. मग हे कशाला? उद्या माझं-तुझं भांडण झालं, तू रागात अर्ज टाकलास, की माझं नाव सरकारच्या यादीत. ना विचारणं, ना काही.”

“नाव यादीत यायला लाज वाटते, आणि माझ्या बांगड्या विकताना—”

“विषयाला धरून,” बाळकृष्ण म्हणाले.

“बंदी आली म्हणून सगळं थांबलं असं नाहीये,” रेवा म्हणाली. ती क्षितिजाच्या शेजारी बसली होती आणि आतापर्यंत तिच्याच बाजूची होती. “पहिले दोन आठवडे आमची ओपीडी शांत होती. मग परत सुरू. बाहेरच्या देशातल्या साइट, व्हॉट्सॲपवर लिंक येते. फरक एवढाच पडला की आधी पेशंट लाजायचे, आता घाबरतात. त्यांना वाटतं आपण गुन्हा करतोय, डॉक्टरला सांगितलं तर पोलीस येतील. मग ते कोणालाच सांगत नाहीत.”

बाळकृष्णांनी मान वर केली. “असे येतात का पुष्कळ?”

“येत नाहीत, बाबा. तेच तर सांगतेय. त्यांना कोणीतरी आणावं लागतं.”

“हे कलम नऊमध्ये आलं आहे,” ते म्हणाले, आणि पान न बघता सांगू लागले. “परदेशी संकेतस्थळ आज बंद केलं तर उद्या त्याच नावापुढे एक आकडा लावून उघडतं. त्यांचा माणूस नवा पत्ता पाठवतो. पैसे थेट घेत नाहीत. कोणातरी तिसऱ्याच्या खात्यात टाकायला सांगतात, आणि ते खातं दर दोन दिवसांनी बदलतं. पहिल्या डावाला ते जिंकू देतात.”

“बाबा, तुम्हाला इतकं कसं माहीत?” क्षितिजानं कौतुकानं विचारलं. कश्मिराला हाक मारल्याशिवाय या माणसाला फोनवरचा कागद उघडता येत नसे.

“अभ्यास,” बाळकृष्ण म्हणाले.

वंदनाबाईंना नवऱ्याचा अभिमान वाटला. एकाहत्तराव्या वर्षी मुलासाठी इतका अभ्यास कोण करतो! त्यांनी मुलाकडे पाहिलं, आणि त्यांना त्याचा राग आला, आणि लगेच कीव आली, आणि बासुंदीखालचा गॅस बारीक करायला त्या उठल्या.

परत आल्या तेव्हा बाजू बदलल्या होत्या. रेवानं कलमात दुरुस्ती सुचवली होती. नुसत्या घरच्यांच्या अर्जावर नको, डॉक्टरनं एकदा भेटावं, महिन्याभरानं फेरविचार व्हावा.

“हा इलाज आहे वहिनी, शिक्षा नाही. आणि खरं सांगू का, ते रविवारचं ताम्हन पण आता शिक्षाच झालंय.”

“ताई, तुम्ही माझ्या बाजूच्या होतात ना?”

“मी पेशंटच्या बाजूची आहे.”

निशांतनं ही संधी सोडली नाही. तो सरळ होऊन बसला. “बाबा, आता माझं ऐका. दोन वर्षं झाली. एकशे चार रविवार. मी एकही चुकवला नाही, ताप होता तेव्हा पण आलो. कश्मिरा मला विचारते, पापा, आपका फोन दादू क्यों चेक करते हैं? आज ते बंद करा. मत घ्या हवं तर.”

“तो विषय पत्रिकेवर नाही.”

“मग घ्या पत्रिकेवर.”

बाळकृष्णांनी फाइलीकडे पाहिलं. “पान चारवर कोणाला काही म्हणायचं आहे का?” त्यांनी विचारलं.

“बाबा, पान चार नंतर!” रेवा म्हणाली. “माझं मत आहे, बंद करा. वहिनी?”

क्षितिजा नवऱ्याकडे बघत राहिली. दोन वर्षांत तिनं त्याच्याकडे असं सरळ फारसं पाहिलं नव्हतं. “ठीक आहे,” ती शेवटी म्हणाली. “माझंही हो. बंद करा.” आणि डोळे पुसायचे होते म्हणून घाईनं म्हणाली, “चला, ओवाळून घ्या आता, उशीर होतोय. खाली ढिल्लनांकडे फोन करून कश्मिराला बोलावते वर. आई, तुमचा फोन घेते हं, माझा चार्जिंगला आहे.”

वंदनाबाईंचा हात पुढे आला, पण गुडघे आले नाहीत. क्षितिजानं उलटा फोन सुलटा केला.

निरोप तसाच उघडा होता. तिनं तो वाचला. पुन्हा वाचला. मग फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, जणू तोही फिरवायचा कागद होता.

“आईंच्या गुडघ्यांची एफडी मोडलीय,” ती म्हणाली. “आज सकाळी सहा बारा.”

रेवानं फोन उचलून पाहिला आणि निशांतकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण ते पुरलं.

“मी नाही,” निशांत म्हणाला.

रेवानं फोन टेबलावर परत ठेवला.

“अरे, मी नाही! मी झोपलो होतो. आई, तू सांग ना. तू पाचला उठतेस, मी झोपलो होतो की नाही?”

वंदनाबाईंनी पाचला त्याच्या खोलीचं दार बंद पाहिलं होतं. तेवढंच. “दार बंद होतं,” त्या म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना त्याच क्षणी कळलं.

“तुला माहीत होतं?” निशांत म्हणाला. “तुला सकाळपासून माहीत होतं, आणि तुला वाटलं मी?”

“तेव्हापण ‘मी नाही’च म्हणाला होतास,” क्षितिजा म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही. “कश्मिरा खालीच आहे. तिचे दोन फ्रॉक घेते, बाकीचं घरून.” ती आतल्या खोलीत गेली आणि बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला.

“निशांत, पासवर्ड कोणाकडे आहे?” रेवा डॉक्टरच्या आवाजात विचारत होती. “मी रागावत नाहीये. रिलॅप्स होतो, दस में से सात लोगों को होता है. फक्त खरं सांग.”

“मैंने नहीं किया, दीदी!”

“पान चार,” बाळकृष्ण म्हणाले.

“बाबा, प्लीज!”

“पान चार वाचलं का कोणी?”

“सह्या केल्यात ना सगळ्यांनी!” रेवा कधी नव्हे ती ओरडली. “मान्य आहे पान चार! सगळी पानं मान्य आहेत! इकडे घर मोडतंय आणि तुमचं पान चार!”

निशांत उठून दाराशी गेला आणि चपला शोधू लागला. बाळकृष्ण खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते आणि नजर पेन्सिलींच्या पेल्यावर. ते मुलाकडे बघत नव्हते. कोणाचीही बाजू घेत नव्हते. वंदनाबाईंनी या माणसाला कचेरीतल्या चौकशीत, वडिलांच्या दहाव्याला, मुलीच्या लग्नात आणि मुलीच्या घटस्फोटात पाहिलं होतं. असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांची हनुवटी हलत होती.

“वंदना,” ते म्हणाले. “तुला वाचता येतं.”

वंदनाबाईंनी चष्मा शोधला. तो त्यांच्या डोक्यावरच होता. त्यांनी चौथं पान उघडलं, आणि बेचाळीस वर्षांपूर्वीचा हात परत आला. पहिली ओळ लागायला थोडा वेळ गेला, दुसरी लागली, तिसरी तर टाइप केल्यासारखी समोर आली.

पाच ओळी झाल्यावर त्या थांबल्या. पान तसंच मिटून ठेवता आलं असतं. ते अक्षर दुसऱ्या कोणालाच येत नव्हतं. नवऱ्याची अब्रू त्यांच्या एकटीच्या हातात होती, आणि त्यांना नवऱ्याची फार दया आली. मग दाराशी चपलेचा बंद लागत नसलेला मुलगा दिसला, आणि त्यांना नवऱ्याचा इतका राग आला की दयेचं काय झालं ते कळलंच नाही. हा माणूस अर्धा तास इथे बसून होता. मुलाला चोर ठरवलं जात होतं, आणि हा पानाचा नंबर सांगत होता.

“निशांत, थांब. क्षितिजा, बाहेर ये,” त्या म्हणाल्या, आणि मोठ्यानं वाचू लागल्या.

“‘परिशिष्ट. प्रत्यक्ष उदाहरण. सदर व्यक्ती वय वर्षे एकाहत्तर, केंद्र शासनाच्या सेवेतून निवृत्त. मुलाच्या प्रकरणाचा अभ्यास व्हावा या हेतूने सदर व्यक्तीने गेल्या वर्षी फेब्रुवारीत फोनवर रमीचा खेळ घेतला. सर्व अटी व शर्ती वाचल्या. अभ्यास तीन आठवड्यांत पूर्ण झाला. खेळ पूर्ण झाला नाही.’”

क्षितिजा आतल्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात लहान मुलीचा फ्रॉक होता.

“‘ऑगस्टमध्ये कायद्याने सदर खेळ बंद झाला. त्यानंतर अकरा दिवस सदर व्यक्तीस शांत झोप लागली. बाराव्या दिवशी परदेशी संकेतस्थळाचा पत्ता आला. पेन्शनची थकबाकी त्यात गेली आहे. सदर व्यक्ती दर रविवारी मुलाचा फोन तपासते. त्या वेळी सदर व्यक्तीचा स्वतःचा फोन खिशात असतो.’”

इथे वंदनाबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“‘ही बाब तोंडी सांगण्याचा तीन वेळा प्रयत्न करण्यात आला. जमले नाही. कलम सहा मंजूर होऊन अमलात येण्यास काळ लागेल. सबब पत्नी सौ. वंदना हिने कायद्याची वाट न पाहता सदर व्यक्तीचा फोन ताब्यात घ्यावा व तिला डॉक्टरकडे न्यावे, ही विनंती. ठेव क्रमांक खाली दिला आहे. ती अजून शाबूत आहे. ती वाचवावी.’” त्यांनी पान खाली ठेवलं. “तारीख कालची.”

कुकरची शिट्टी झाली.

“ठेव मोडली,” बाळकृष्ण म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. “सकाळी. मीच मोडली.”

पहिला शुद्धीवर आला तो निशांत. त्यानं चपला काढल्या. शोकेसवरचं ताम्हन घेतलं, त्यातलं हळदीकुंकू बाजूला ठेवलं, आणि ते बाबांसमोर टेबलावर ठेवलं. बाळकृष्णांनी खिशातून फोन काढला आणि ताम्हनात ठेवला. बरोबर मधोमध.

“पैसे गेले?” निशांतनं विचारलं.

“खात्यात आहेत. पाठवायचा पत्ता आला होता. उघडला होता मी.”

“मग?”

“अकराला बैठक होती,” बाळकृष्ण म्हणाले.

निशांतनं खुर्ची ओढली आणि वडिलांच्या अगदी समोर बसला. वंदनाबाईंना वाटलं आता हा बोलेल, एकशे चार रविवारांचं सगळं बोलेल, आणि बोलला तर त्याला कोणी अडवायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

“जाग कितीला येते?” निशांतनं विचारलं.

बाळकृष्णांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. “साडेचारला.”

“मला पण साडेचारच. आणि हाताला मुंग्या?”

“येतात. उजव्या.”

“जातात त्या. दोन-तीन महिने लागतात.” त्यानं ताम्हन जरा बाजूला सरकवलं. “मला हे कोणी विचारलं नव्हतं.”

“नाही,” बाळकृष्ण म्हणाले. “मी विचारायला हवं होतं.” आणि मग हा माणूस, ज्याच्या डोळ्यांत वडील गेले तेव्हाही पाणी आलं नव्हतं, सगळ्यांदेखत तोंड झाकून रडला. फार वेळ नाही. रुमाल इस्त्रीचा होता.

क्षितिजा फ्रॉकची घडी करत बाहेर आली आणि निशांतच्या मागे उभी राहिली. “सॉरी,” ती म्हणाली.

“ठीक है.”

“नाही, ठीक नाहीये. घरी जाऊन बोलू.”

“घरी?” निशांतनं विचारलं.

“एयरोसिटीला,” ती म्हणाली. “दुसरं कुठलं घर आहे आपल्याला?”

रेवानं तोंडावर पाणी मारून घेतलं होतं. ती वडिलांच्या खुर्चीच्या हातावर बसली, लहानपणी बसायची तशी. “सोमवारी ओपीडीला यायचं, बाबा. मी नाही बघणार, माझे सर बघतील. पोलीस-बिलीस काही नाही.”

“वेळ?”

“नऊ.”

“पावणेनऊला येतो,” बाळकृष्ण म्हणाले.

बासुंदी खाली लागल्याचा वास सगळ्यांना एकदमच आला. क्षितिजा आत धावली. वंदनाबाई उठल्या नाहीत. आजवर त्यांची बासुंदी कधी लागली नव्हती, आणि आज त्यांना तिचं काही वाटलं नाही. एक गोष्ट मात्र मनात सलत होती. रात्री हे पान लिहून नवरा झोपला, सकाळी तो त्यांच्यापाशी फाइल ठेवून बसला, आणि त्यांनी फुली बघून सही केली. त्यांच्या सहीच्या वर लिहिलं होतं, ‘वाचून मान्य’. बेचाळीस वर्षं हा माणूस त्यांच्याशी कागदावर बोलत होता, आणि वंदनाबाई फुलीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. मुलावरही त्यांनी तसाच, न वाचता, शिक्का मारला होता.

“निशांत,” त्या म्हणाल्या. “मी चुकले रे. तुला विचारायला हवं होतं मी.”

निशांतनं मान हलवली. तो उठून गेला नाही.

वंदनाबाईंनी पेन घेतलं. चौथ्या पानावरच्या आपल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि खाली मोठ्या, शाळेतल्या अक्षरात लिहिलं, ‘आत्ता वाचलं.’ तारीख घातली. पुन्हा सही केली. मग ताम्हनातला फोन उचलून पदराच्या टोकात बांधला आणि त्याची गाठ दोनदा ओढून पाहिली.

“पाट मांडा,” बाळकृष्ण रुमालाची घडी घालत म्हणाले. “रेवा, ओवाळून घे. फार खोळंबले सगळे. फाइल दे गं इकडे, फीत बांधतो.”

“थांबा,” वंदनाबाई म्हणाल्या. त्यांनी पहिलं पान काढलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. “आणि अहो, त्या पेन्सिलीच्या फुल्या करायचं आता बंद करा. सही कुठे करायची ते मी बघेन.”